रॅलीक्रॉस बघताना नजर कुठे ठेवावी

रॅलीक्रॉस पहिल्यांदा बघणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. शर्यत सुटते, धुरळा उडतो, दोन-तीन गाड्या एकमेकींना घासतात आणि कोण कुठे आहे हे उमगायच्या आत चौकटीचा झेंडा पडतो. सगळा मामला तीन मिनिटांचा. त्यात वर पंचाईत अशी की, आत्ताच डोळ्यांसमोर पहिला आलेला ड्रायव्हर गुणतक्त्यात सातवा दिसतो आणि कुठल्याशा दुसऱ्या शर्यतीत तिसरा आलेला त्याच्या वर असतो. माणूस वैतागून चॅनेल बदलतो.

थोडी माहिती असेल तर हीच तीन मिनिटं अपुरी वाटायला लागतात. खरं तर दोनच गोष्टी मनात पक्क्या करायच्या आहेत. एक, हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ड्रायव्हर शेजारच्या गाडीशी जितका भांडत असतो, त्याहून जास्त घड्याळाशी भांडत असतो. आणि दुसरी, जोकर लॅप. सर्वांत पुढच्या गाडीकडे बघत बसलात तर अर्धी शर्यत तुमच्या नजरेतून निसटते. नजर ठेवायची ती जोकरच्या तोंडावर. कशी, ते पुढे सांगतो.

आधी ओळख. रॅलीक्रॉस म्हणजे साधारण एक किलोमीटरचा बंदिस्त ट्रॅक, त्यातला काही भाग डांबरी आणि काही भाग खडी-मुरुमाचा. त्यावर रॅलीच्या जातकुळीच्या गाड्या पळतात, पण रॅलीसारख्या एकेक करून नव्हे, तर चार-पाच एकदम. याचा जन्म इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, लिडन हिल इथे, ४ फेब्रुवारी १९६७ रोजी झाला आणि तो चक्क टीव्हीसाठी झाला. रॅली म्हणजे जंगलातून शेकडो किलोमीटर; कॅमेरे लावणार कुठे? मग रॅलीच्या गाड्या एका छोट्या ट्रॅकवर आणून शनिवार दुपारच्या क्रीडा कार्यक्रमात दाखवायची कल्पना निघाली. पहिली स्पर्धा पोर्शे ९११ घेऊन आलेल्या व्हिक एल्फर्डने जिंकली. पुढच्याच वर्षी त्याने माँटे कार्लो रॅलीही मारली. टीव्हीसाठी जन्मलेला खेळ म्हणून शर्यती तेव्हापासूनच आटोपशीर आहेत. जाहिराती बसतील एवढ्याच.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८६ मध्ये कोर्सिकातल्या रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि ग्रुप बी नावाच्या त्या राक्षसी ताकदीच्या गाड्या जागतिक रॅलीतून हद्दपार झाल्या. त्या भंगारात गेल्या नाहीत. १९८७ पासून १९९२ पर्यंत त्या युरोपियन रॅलीक्रॉसमध्ये धावल्या. फोर्ड आरएस२००, प्यूजो २०५ टी१६, एमजी मेट्रो ६आर४ अशा गाड्या खांद्याला खांदा लावून एका वळणात शिरताना बघायच्या असतील तर त्या वर्षांची जुनी चित्रफीत शोधून बघा. मार्टिन शांके हा नॉर्वेचा बहाद्दर आणि स्वीडनचा केनेथ हॅन्सन ही त्या जगातली मोठी नावं. शांके सहा वेळा, तर हॅन्सन चौदा वेळा युरोपियन विजेता.

आता मालिका चालते कशी, ते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, २०१४ मध्ये रॅलीक्रॉसला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा दिला. पहिला राउंड पोर्तुगालमधल्या माँतालेग्रे इथे झाला आणि तो, तसंच त्या वर्षीचं विजेतेपदही, माजी रॅली जगज्जेत्या पेटर सोलबर्गने पटकावलं. नियम नंतर अनेकदा बदलले. पण शिकायला सर्वांत सोपी आणि सुटसुटीत पद्धत २०१९ च्या हंगामातली. ती एकदा डोक्यात बसली की नंतरचे फेरफार आपोआप कळतात, म्हणून तीच धरून चालू.

राउंड म्हणजे शनिवार-रविवारचा कार्यक्रम. त्यात आधी चार हीट. समजा अठरा गाड्या आल्या आहेत. अठरा एकदम सोडता येत नाहीत, म्हणून एका हीटमध्ये त्यांच्या चार-पाच गाड्यांच्या शर्यती करायच्या. प्रत्येक शर्यत चार लॅपची. लॅप साधारण चाळीस सेकंदांचा धरला तर पावणेतीन मिनिटांत खेळ खलास. सगळ्या शर्यती संपल्या की अठराच्या अठरा गाड्यांच्या वेळा एकत्र करून क्रम लावायचा. सर्वांत जलद गाडीला ५० गुण, दुसरीला ४५, तिसरीला ४२, चौथीला ४०, आणि तिथून खाली एकेक कमी.

नवख्या माणसाला ठेच लागते ती इथे. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या शर्यतीत निळी गाडी जिंकली, वेळ २ मिनिटं ४४.१ सेकंद. तिसऱ्या शर्यतीत पिवळी गाडी तिसरी आली, पण ती शर्यतच झपाट्याची होती, तिची वेळ २ मिनिटं ४२.६. गुणतक्त्यात पिवळी वर, निळी खाली. निळीने टाळ्या घेतल्या, पिवळीने गुण. म्हणून हीट बघताना कोण पहिला आला यावर फार जीव टाकू नका. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघा आणि आधीच्या शर्यतींतल्या सर्वांत चांगल्या वेळेशी ताडून बघा. मी कागदावर तेवढी एकच संख्या लिहून ठेवतो. तेवढं पुरतं.

पहिल्या हीटमध्ये कुणी कुणाबरोबर पळायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. पुढच्या हीटमध्ये मात्र आधीच्या निकालानुसार गट पडतात आणि सगळ्यात जलद गाड्यांची शर्यत शेवटी येते. सगळा दिवस पडद्यासमोर बसणं शक्य नसेल तर दुसऱ्या हीटपासून पुढे प्रत्येक हीटची शेवटची शर्यत तेवढी गाठा. तिथे सगळे तालेवार एकत्र असतात.

चार हीटचे गुण मिळवून क्रम लावला की वरचे बारा जण उपांत्य फेरीत जातात. सहा-सहाच्या दोन उपांत्य शर्यती, प्रत्येकी सहा लॅपच्या. त्यातले पहिले तीन-तीन अंतिम शर्यतीत. तीही सहा गाड्यांची, सहा लॅपची. इथून पुढे मात्र घड्याळाचं राज्य संपतं. जो आधी झेंड्याखालून जाईल तो पुढे. म्हणजे शनिवारभर डोक्यातला हिशेब घड्याळाचा आणि रविवारी दुपारनंतर शेजारच्या गाडीचा. एकाच ड्रायव्हरला दोन दिवसांत दोन स्वभाव धारण करावे लागतात. काही जण हीटमध्ये भन्नाट पळतात आणि अंतिम शर्यतीत धक्काबुक्कीत मागे पडतात. काहींचं नेमकं उलट.

आता जोकर. ट्रॅकला एका ठिकाणी पर्यायी फाटा असतो. तो मुख्य मार्गापेक्षा लांब असतो, त्यातून गेलं तर लॅपला किमान दोन सेकंद जास्त लागावेत असा नियम आहे. प्रत्येक ड्रायव्हरने प्रत्येक शर्यतीत या फाट्यातून एकदाच जायचं. कधी जायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. गेलाच नाही तर हीटमध्ये तीस सेकंदांचा दंड, आणि उपांत्य वा अंतिम शर्यतीत सरळ शेवटचा क्रमांक.

अरुंद ट्रॅक, वळणावर वळणं, आणि लॅप जेमतेम चार. ओव्हरटेक करायला जागा कुठून येणार? ती जागा जोकर करून देतो. हिशेब हातावर करून बघू. समजा मोकळ्या रस्त्यावर लॅपला ४० सेकंद लागतात आणि जोकरमुळे ३ सेकंद वाढतात. तुम्ही पहिल्या वळणातून चौथे बाहेर पडलात. पुढचे तिघे एकमेकांशी झुंजताहेत, त्यांच्या मागे तुम्हाला लॅपला साडेएकेचाळीस लागताहेत. तीन लॅप तसेच रखडत काढले आणि चौथ्यात जोकर घेतला, तर १२४.५ अधिक ४३, म्हणजे १६७.५ सेकंद. त्याऐवजी पहिल्याच लॅपमध्ये जोकर घेतलात तर ४३ सेकंद तिथे गेले, पण पुढचे तीन लॅप मोकळा रस्ता मिळाला तर ते १२० सेकंदांत. एकूण १६३. साडेचार सेकंदांचा फरक पडला. हीटमध्ये साडेचार सेकंद म्हणजे गुणतक्त्यात कित्येक पायऱ्या.

'मोकळा रस्ता मिळाला तर' यात सगळी ग्यानबाची मेख आहे. तुमच्या पुढच्या गाडीनेही तोच विचार केला आणि ती तुमच्या आधी जोकरमध्ये घुसली, तर तुम्ही तीन सेकंद खर्चून पुन्हा कुणाच्या तरी मागेच. किंवा जोकरमधून बाहेर पडताना मुख्य मार्गावरून एखादी मंद गाडी नेमकी समोर आली, तर पुढचे लॅप तिच्या मागे. म्हणून जोकर कधी घ्यायचा याचा निर्णय ड्रायव्हर एकटा घेत नाही. त्याला धुरळ्यापलीकडचं दिसत नसतं. उंचावर एक माणूस उभा असतो, त्याला स्पॉटर म्हणतात. तो रेडिओवरून सांगत असतो की मागे किती अंतर आहे, जोकरमध्ये कोण गेलंय, आत्ता घुसलास तर कुणाच्या पुढे निघशील. कधीकधी हा रेडिओ प्रेक्षकांनाही ऐकवतात. ऐकायला मिळाला तर समालोचकाकडे दुर्लक्ष करून तो ऐका. शर्यतीचं खरं समालोचन तिथे चाललेलं असतं.

अंतिम शर्यतीतला जोकर हीटपेक्षा वेगळा खेळला जातो. तिथे वेळेला किंमत नाही, क्रमांकाला आहे. समजा पहिला आणि दुसरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पळताहेत. तिसऱ्या लॅपमध्ये दुसऱ्याने जोकर घेतला. आता पडद्यावर पहिला साडेतीन सेकंद पुढे दिसेल आणि नवा प्रेक्षक म्हणेल, सुटला हा. अजिबात नाही. त्याच्या डोक्यावर अजून जोकरचे तीन सेकंद आहेत, म्हणजे खरं अंतर पुन्हा अर्ध्या सेकंदाचंच. मागच्याला आता मोकळा रस्ता मिळालाय, तो जीव तोडून पळणार. पुढच्यानेही तसंच पळायचं आणि योग्य लॅपला जोकर घ्यायचा. तो फाट्यातून बाहेर येतो त्या क्षणी दुसरा मुख्य मार्गावरून येत असतो. दोघांच्या गाड्या एकाच ठिकाणी, एकाच वेळी. शर्यत बहुधा तिथे ठरते. ट्रॅकवर जाऊन बघणार असाल तर उभं राहण्याची जागा शोधताना आधी हा संगम कुठून दिसतो ते विचारा, सुरुवातीच्या रेषेसमोरची जागा नंतर.

घरी बघत असाल तर एक साधी युक्ती करा. कागदावर गाड्यांचे रंग लिहा आणि जी गाडी जोकर घेईल तिच्यापुढे टिंब द्या. टिंब नसलेली गाडी कितीही पुढे दिसो, तिच्या आघाडीतून मनातल्या मनात तीन सेकंद वजा करा. दोन-चार शर्यतींनंतर कागद लागत नाही.

एक चलाखी मात्र मला कधी रुचली नाही. एकाच संघाच्या दोन गाड्या शर्यतीत असल्या की एक जण बाकीच्यांना जरा अडवून धरतो आणि त्याचा सहकारी तेवढ्यात जोकर घेऊन निवांत पुढे निघतो. नियमाच्या चौकटीत बसवून केलं तर पंच काही म्हणू शकत नाहीत. तरी बघताना तोंड कडू होतं.

सुरुवातीच्या क्षणाबद्दल थोडं सविस्तर, कारण जोकर सोडला तर उरलेला निकाल बराचसा इथे लागतो. हीटमध्ये गाड्या एका ओळीत शेजारी-शेजारी उभ्या राहतात. उपांत्य आणि अंतिम शर्यतीत दोन-दोनच्या तीन ओळी. रेषेवर येण्याआधी ड्रायव्हर जागच्या जागी चाकं फिरवून टायर तापवतात, रबराचा पांढरा धूर निघतो. ते प्रेक्षकांसाठी केलेलं नाटक नव्हे. तापलेला टायर डांबराला धरतो. मग हँडब्रेकचा लांब दांडा ओढून गाडी रोखून धरायची, इंजिनचा आवाज टिपेला न्यायचा आणि हिरवा दिवा लागताच क्लच सोडायचा. चाकं घसरू नयेत म्हणून मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला बंदी आहे, त्यामुळे सगळी मदार पायाच्या अंदाजावर. क्लच जरा लवकर सुटला तर चाकं जागेवरच फिरतात. उशीर झाला तर शेजारची गाडी तोवर गेलेली असते.

या गाड्या सुटतात कशा, तर शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. २०१९ मधली सुपरकार (सर्वांत वरच्या वर्गातल्या गाडीचं नाव) म्हणजे दोन लिटरचं टर्बो इंजिन, साधारण सहाशे हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद आणि ड्रायव्हरसकट किमान तेराशे किलो वजन. वरून दिसायला फोक्सवॅगन पोलो किंवा प्यूजो २०८, बाजारात मिळते तशी. आत त्या गाडीचं फारसं काही उरलेलं नसतं.

घाई करून दिव्याआधीच निघालात तर शर्यत थांबवून पुन्हा सोडतात, आणि दोषी ड्रायव्हरला त्या शर्यतीत जोकर दोनदा घ्यावा लागतो. शिक्षा हुशारीने ठरवली आहे. त्याला बाहेर काढलं तर प्रेक्षकांचा हिरमोड झाला असता. असं केल्याने तो पळतोही आणि सहा सेकंद फेडतोही.

रेषेपासून पहिलं वळण जेमतेम शंभर-दीडशे मीटरवर. पाचही गाड्या तिथे एकदम पोचतात आणि वळणात जागा दोनचीच असते. आतल्या बाजूचा ड्रायव्हर फायद्यात दिसतो, पण बाहेरून येणारा जास्त वेगाने वळू शकतो. घासाघीस होतेच. ती चालते, मुद्दाम ढकलून बाहेर काढणं चालत नाही. या दोन्हींमधली रेषा पंच ठरवतात आणि त्यावरून वाद न झालेला हंगाम मला आठवत नाही.

जमिनीकडेही लक्ष असू द्या. धूळ दबावी म्हणून मुरुमाच्या भागावर मधूनमधून पाण्याचा टँकर फिरवतात. टँकरनंतरची पहिली शर्यत निसरड्यावर होते, वेळा वाढतात. मग दोन-तीन शर्यतींत माती सुकते, रेषा झाडून निघते आणि वेळा सुधारतात. हीटमध्ये सगळ्यांच्या वेळा एकत्र मोजतात हे आठवा, म्हणजे या टँकरचं महत्त्व कळेल. शिवाय चाकांबरोबर खडी डांबरावर येते. डांबराचा तुकडा दिसतो चांगला, पण त्यावर खड्यांचा थर असतो आणि सकाळी जिथे ब्रेक लागत होता तिथे दुपारी लागत नाही. रविवारच्या अंतिम शर्यतीत अनुभवी ड्रायव्हर एखाद्या वळणावर उगाचच लवकर वेग कमी करताना दिसला तर त्याला कमी लेखू नका.

अजिंक्यपदाच्या गुणांची आकडेमोड दिसते तेवढी अवघड नाही. चार हीटनंतरच्या क्रमाला १६ ते १ गुण, उपांत्य शर्यतीत ६ ते १, आणि अंतिम शर्यतीत ८, ५, ४, ३, २, १. सगळीकडे पहिला आलात तर एका राउंडचे ३० गुण. यातले निम्म्याहून जास्त गुण हीटमध्येच आहेत, हे ध्यानात घ्या. अंतिम शर्यत जिंकून करंडक उंचावणारा ड्रायव्हर त्या राउंडमध्ये सर्वांत जास्त गुण मिळवणारा असेलच असं नाही. ज्याला हंगाम जिंकायचाय त्याला शनिवारची धूळ मनापासून खावी लागते.

याचं उत्तम उदाहरण २०१९ चाच हंगाम. दहा राउंड झाले, शेवटचा दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या किलार्नी ट्रॅकवर. तिथे स्वीडनचा टिमी हॅन्सन आणि नॉर्वेचा आंद्रेयास बाकरूड यांच्यात चुरस होती. अंतिम शर्यतीत दोघांची धडकही झाली. टिमीने ती शर्यत जिंकली, आणि हिशेब केला तर दोघांचे २११-२११ गुण. जास्त राउंड जिंकलेला म्हणून टिमी जगज्जेता. म्हणजे बाकरूडला आख्ख्या हंगामातल्या कुठल्याही एका राउंडमध्ये हीटनंतरच्या क्रमात एक जागा वर मिळाली असती तर निकाल फिरला असता. हा टिमी, वर ज्याचं नाव आलं त्या केनेथ हॅन्सनचा मुलगा. आई सुसान हॅन्सनही रॅलीक्रॉसची युरोपियन विजेती, धाकटा भाऊ केविनही त्याच मैदानात. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात, तसं हे चाकांवरचं घराणं.

आणि एक नाव कायम कानावर पडेल, योहान क्रिस्टोफरसन. २०१८ मध्ये बारापैकी अकरा राउंड त्याने जिंकले. उरलेला एक, बेल्जियममधला, रॅलीच्या नऊ वेळच्या जगज्जेत्या सेबॅस्टियन लोएबने नेला. एवढी मक्तेदारी प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटू शकते, मान्य. तरी त्याच्या गाडीतून टिपलेलं एखादं चित्रण नुसतं त्याच्या हातांकडे बघत पाहा. बाकीचे स्टिअरिंगशी कुस्ती खेळत असतात, याचे हात फारसे हलतच नाहीत.

२०२२ पासून वरच्या वर्गात विजेवरच्या गाड्या आल्या. दोन मोटारी, मिळून ५०० किलोवॅट, म्हणजे साधारण ६८० हॉर्सपॉवर. पळायला पेट्रोलच्या गाड्यांपेक्षाही तेज. पण आवाज गेला, आणि रॅलीक्रॉसचा जुना प्रेक्षक नाराज झाला. मग जुलै २०२३ मध्ये लिडन हिललाच, जिथे हा खेळ जन्मला तिथेच, एका संघाच्या तळाला आग लागून त्यांच्या दोन्ही लान्सिया गाड्या जळाल्या. त्यानंतर वरच्या वर्गातल्या विजेच्या गाड्या थांबवून हंगाम खालच्या वर्गातल्या विजेच्या गाड्यांवर पुरा करावा लागला. २०२४ मध्ये विजेच्या आणि शाश्वत इंधनावरच्या इंजिनाच्या गाड्या एकाच शर्यतीत उतरवल्या. मालिकेचं नाव, वर्ग, राउंडची संख्या यांत असे बदल होत राहतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या त्या ट्रॅकच्या आयोजकांचं चालू वर्षाचं वेळापत्रक बघा. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून विमान पकडू नका.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर युरोपला पर्याय नाही, आणि नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या मराठी मंडळींना तर हे सहज जमण्यासारखं आहे. हॅम्बुर्गमध्ये असाल तर एस्टरिंगचा ट्रॅक बुक्सटेहुडेला, उपनगरी रेल्वेने जाता येतं. तिथलं पहिलं वळण कुप्रसिद्ध आहे, तेवढ्यासाठी गेलात तरी चालेल. लंडनकरांना लिडन हिल जवळ, कँटरबरी आणि डोव्हरच्या मधोमध. तिथे ट्रॅक खोलगट जागेत आहे आणि सभोवती गवताचे उतार, त्यामुळे चटई टाकून बसलं की जवळजवळ सगळा ट्रॅक दिसतो. मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर हीच जागा. फ्रान्समध्ये ब्रिटनीतल्या लोएआक या खेड्यात गर्दी अफाट असते आणि शेजारी जुन्या मोटारींचं मोठं संग्रहालयही आहे. नॉर्वेतलं हेल गाव ट्राँडहाइमच्या विमानतळाला लागूनच, म्हणून पोचायला सोपं.

स्वीडनमधलं होलियेस मात्र वेगळं. नॉर्वेच्या सीमेजवळच्या जंगलातलं हे इवलंसं गाव, आणि रॅलीक्रॉसच्या दिवसांत तिथे हजारोंचा मुक्काम पडतो. हॉटेलं जवळपास नाहीतच. लोक तंबू आणि कॅराव्हॅन घेऊन येतात. उन्हाळ्यात रात्र नावाला होते, त्यामुळे तळावरचा गोंगाट पहाटेपर्यंत चालतो. डासांचं मलम, डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी आणि पावसाची तयारी बरोबर हवी. कानात घालायचे बोळे तर कुठल्याही ट्रॅकवर हवेत, लहान मुलांसाठी कान झाकणारे मोठे हेडफोन. खडी कुंपणापलीकडेही उडते, म्हणून चष्मा लावा आणि सुटत्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला अगदी पुढे उभे राहू नका.

एवढ्या लांब जाऊन पॅडॉक चुकवू नका. दोन शर्यतींच्या मध्ये गाड्या तंबूत येतात आणि मेकॅनिक तासाभराच्या आत वाकलेला सस्पेन्शनचा दांडा, फाटलेला बंपर बदलून गाडी पुन्हा उभी करतात. फॉर्म्युला वनमध्ये सामान्य प्रेक्षकाला जे काचेआडून दिसतं, ते इथे चार हातांवर दिसतं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब सोपा. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथली रविवार दुपारची अंतिम शर्यत आपल्याकडे संध्याकाळच्या चहानंतर ते रात्रीच्या जेवणाच्या आत येते.

आणि स्वतः चालवून बघायची हौस असेल तर? स्वीडनमध्ये यासाठी फोल्करेस नावाचा भारी प्रकार आहे. जुन्या, स्वस्त गाड्या घेऊन रॅलीक्रॉससारखंच पळायचं, पण एका अटीवर. शर्यतीनंतर कुणीही ठरावीक, कमी किमतीत तुमची गाडी मागू शकतो आणि तुम्हाला ती विकावीच लागते. त्यामुळे गाडीवर लाखो खर्च करायला कुणी धजावतच नाही. खेळ स्वस्त ठेवण्याचा याहून बिनतोड उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे रॅलीक्रॉसला सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मैदानावर मातीत आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी, आणि लढत घड्याळाशी. शेजारी गाडी नसल्याने धडकेची भीती कमी आणि शिकायला जागा जास्त. पुण्या-नाशिककडच्या मोटार क्लबांनी अशा स्पर्धा भरवलेल्या आहेत. सहभागी होण्याआधी ती स्पर्धा एफएमएससीआयच्या, म्हणजे या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या, मान्यतेने होते आहे ना हे बघा, कारण मग सुरक्षेचे नियम, पंच आणि रुग्णवाहिका यांची हमी असते. संघटनेचा स्पर्धक परवाना लागतो. तो कसा काढायचा हे आयोजक क्लबच सांगतो. पहिल्या खेपेला स्वतःची रोजची गाडी आणि चांगलं हेल्मेट एवढ्यावर भागतं की नाही, ते त्या स्पर्धेच्या वर्गावर अवलंबून असतं, तेव्हा नियमपत्रिका मागवून वाचा. इंजिनला हात लावायच्या आधी टायर आणि ब्रेक यांवर पैसे घाला.

सराव सार्वजनिक रस्त्यावर करायचा नाही. तो मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे, आणि मोकळा घाट दिसला म्हणून कायदा बदलत नाही. शिवाय गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीत झालेल्या नुकसानीला लागू होत नाही, पॉलिसीच्या कागदावर तसं स्पष्ट छापलेलं असतं. आयोजकांनी काही वेगळा विमा घेतला आहे का आणि त्यात नेमकं काय येतं, तुम्ही की गाडी की दोन्ही, हे प्रवेश फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.